मुळात तसं नव्हतं!

दौलताबादचे वेताळमामा सिनेमाला जातात ते बघायला नव्हे, तपासायला. ठरलेल्या भांड्यांची यादी खिशात घेऊन मांडवात बसलेला वरबाप जसा एकेक पातेलं मोजून घेतो, तसे ते पडद्यावरचा एकेक प्रसंग मोजून घेतात. कवटी आली? आली. आग? आहे, पण जरा पिवळी झालीय. गाडी? ठीक. मग कुठेतरी एक नग कमी भरतोच. तो भरला नाही की मामा खुर्चीत मागे रेलतात आणि पुढच्या दोन रांगांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणतात, "मुळात तसं नव्हतं!"

असा एक गृहस्थ प्रत्येक गावात असतो. कादंबरीवरचा सिनेमा आला की त्याला हुरूप येतो, पण भुताखेतांच्या कॉमिकवरचा आला की तो खरा पेटतो. कारण जे भूत कुणीच पाहिलेलं नाही, ते दिसतं कसं हे त्याला नक्की ठाऊक असतं.

किल्ल्याच्या पायथ्याशी मामांचं पेरू-सीताफळांचं दुकान आहे. टोपल्यांच्या मागे पत्र्याची एक पेटी, पेटीत डांबरगोळ्या आणि डांबरगोळ्यांच्या पहाऱ्यात इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक. इंद्रजाल 1964 मध्ये सुरू झालं आणि 1990 मध्ये बंद पडलं. ते बंद पडल्याचं मामांनी अजून मान्य केलेलं नाही. अंक बघायला मागितला तर मामा आधी तुमची बोटं बघतात. तिखट-मिठाचा एक कण दिसला तरी माठाकडे पाठवतात. धुतलेला हात त्यांच्या उपरण्याला पुसायचा, मग अंक. तोही त्यांच्याच मांडीवर. पान ते उलटणार.

ली फॉकने 1936 साली जन्माला घातलेला फँटम या अंकांत वेताळ होऊन आला, आणि मामांचं नाव त्यावरूनच पडलं. वेताळ मुळात आपल्याच जिल्ह्यातला, असा त्यांचा दावा आहे. पुरावाही तयार आहे: 'कथासरित्सागरा'त खांद्यावर प्रेत घेऊन चालणारा राजा त्रिविक्रमसेन गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, आणि प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. तो प्रेतातला वेताळ वेगळा आणि हा जांभळ्या कपड्यातला घोडेस्वार वेगळा, असं कुणी सुचवलं की त्या माणसासाठी पेरूचा भाव वाढतो.

1996 साली बिली झेनचा 'द फँटम' आला. मामांची तक्रार अशी की यात जादूच्या तीन कवट्या कशाला घातल्या? वेताळाला कसलीच जादू येत नाही. बापामागून मुलगा तेच कपडे चढवतो, म्हणून लोकांना वाटतं की हा मरतच नाही. "सगळी गंमत लोकांच्या वाटण्यात आहे राव! आणि हे कवट्यांतून उजेड काढायलेत!" ही तक्रार खरी होती, हे कबूल करायला हवं. पण एकदा खरी ठरलेली तक्रार माणसाला बिघडवते. 2005 च्या 'कॉन्स्टंटाइन'मध्ये मूळ कॉमिकमधल्या पिवळ्या केसांच्या इंग्रज मांत्रिकाच्या जागी काळ्या केसांचा कियानू रीव्ह्ज लॉस एंजेलिसमध्ये फिरताना दिसला, आणि मामांनी मध्यंतराआधीच निकाल दिला, "माणूसच बदलला, आता भुताचं काय सांगता?"

2007 च्या 'घोस्ट रायडर'ची गोष्ट मात्र वेगळी. हे कॉमिक 1972 सालचं, इंग्रजी. मामांना शहरात रद्दीच्या ढिगात त्याचे दोन अंक मिळाले होते. इंग्रजीशी त्यांचा फारसा संबंध नाही, त्यामुळे चित्रांवरून गोष्ट त्यांनी स्वतःच जुळवली होती. आम्हा भाचरांना काळी-पिवळीत कोंबून मामा निघाले आणि गाडी सुटताच गोष्टही सुटली. मिटमिट्यापर्यंत कवटी पेटली, पडेगावला मोटारसायकल पाण्यावरून धावली आणि छावणी येईतो पापी माणूस त्या कवटीच्या नजरेला नजर देऊन आपल्याच पापांत जळून गेला. ड्रायव्हरसुद्धा हॉर्न वाजवायचा विसरला होता.

थिएटरात निकोलस केज पेल्यातून रंगीत गोळ्या खात बसला होता. मामांनी आमच्याकडे असं बघितलं, जणू गोळ्या आम्हीच दिल्या. कवटी पेटली, गाडी इमारतीवर सरळ उभी चढली, पाण्यावरूनही धावली. मामा गप्प. मग सॅम एलियटचा म्हातारा पेटत्या घोड्यावरून नायकाबरोबर वाळवंट तुडवत लढाईच्या तोंडापर्यंत आला आणि अंगात एवढीच एक फेरी उरली होती असं सांगून, बंदूक हातात देऊन निघून गेला. मामा उठून उभेच राहिले. "मग आलाच कशाला? घोड्याला फिरवायला?"

परतताना थोरल्या भाच्याने सांगितलं की केज स्वतःच कॉमिकवेडा आहे. मूळचा कोपोला, पण ल्यूक केज या कॉमिकमधल्या नायकावरून आडनाव घेतलं. मुलाचं नाव काल-एल, म्हणजे सुपरमॅनचं जन्मनाव. अंगावर घोस्ट रायडर गोंदवलेला. तो या सिनेमासाठी रंग लावून झाकावा लागला. मामा शरणापूर फाट्यापर्यंत विचारात होते. "मग त्यानं तरी डायरेक्टरला सांगायचं की, मुळात तसं नव्हतं!"

हेच मामा पाहुण्यांना किल्ला दाखवतात तेव्हा बघावं. मेंढा तोफ, चिनी महाल, तासलेला कडा हे सगळं भराभर उरकून ते अंधारी नावाच्या भुयाराच्या तोंडाशी थांबतात. सगळ्यांना मोबाइलचे दिवे बंद करायला लावतात. आत चार वळणं, वर वटवाघळांची फडफड, पायाखाली कमी-जास्त उंचीच्या पायऱ्या आणि मामांचा खालच्या पट्टीतला आवाज: शत्रूला पुढे उजेड दिसायचा, तो धावायचा आणि थेट खंदकात, जो वाचला त्याच्यासाठी वरच्या तोंडाशी तापलेला लोखंडी पत्रा आणि धूर. बायका एकमेकींचे हात धरतात. बाहेर आल्यावर मात्र पुण्या-मुंबईचा एखादा पाहुणा कपडे झटकत म्हणतो, "बस, एवढंच?"

मामा भडकतात. "एवढंच म्हणजे? दिसायला काय पाहिजे होतं तुम्हाला? अंधारात काय दिसतं का बरं?" 1327 साली मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथे आणली आणि काही वर्षांत परत नेली, तेही मामांच्या मते याच स्वभावाने. सांगणाऱ्याने त्याला जास्त सांगितलं असणार.

"मामा, सिनेमावाले दाखवतात म्हणून तुम्ही चिडता, आणि तुम्ही दाखवत नाही म्हणून पाहुणे चिडतात," असं मी एकदा म्हणून पाहिलं. मामांनी उत्तर दिलं नाही. तराजूत एक पेरू कमी टाकला.

माझा निकाल सरळ आहे. मामांचं 'मुळात' कुठल्याच अंकात छापलेलं नाही. ते त्यांच्या डोक्यात आहे, आणि तिथवर कुठल्याच डायरेक्टरचा कॅमेरा पोचत नाही. तेव्हा कॉमिकवरचा सिनेमा बघायचा असेल तर अशा माणसाबरोबर जरूर जा, पण शेजारची जागा थिएटरात नको, जातानाच्या काळी-पिवळीत पकडा. खरा सिनेमा तिथे लागतो आणि त्याला तिकीट नसतं. भाडं मात्र आपलं आपण द्यावं. मामा देत नाहीत.