दार दाखवा, बक्षीस मिळवा

चारकोपमधल्या भिंतींना हल्ली दारं गिळायची सवय लागली आहे. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ साली सुरू झालेल्या योजनेत म्हाडाने इथे २५-४० चौरस मीटरचे भूखंड दिले. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. त्या पिढीला भिंत आणि दार यांतला फरक लांबून कळत असे. आता पुढची पिढी डिझायनर आणते. हॉल मोठा दिसावा म्हणून तो संडासाचं दार लाकडी पट्ट्यांच्या पॅनेलमध्ये मुरवून टाकतो. चौकट नाही, कडी नाही, मूठ नाही. बिजागऱ्या आत, फट जेमतेम ३ मिलिमीटर. दाबलं की उघडतं म्हणे. कुठे दाबायचं, हे घरच्यांनाच ठाऊक.

रायगडाला चोरदिंडी ठेवली ती शत्रूच्या हातून निसटायला. इथे शत्रू कोण? गणपतीला आलेले काका! दुसऱ्या चहानंतर ते भिंत चाचपायला लागतात. यजमान मुद्दाम गप्प. एवढा खर्च केलाय, जरा कौतुक नको? काका दाबतात, टक् होतं, आणि चपलांचं कपाट उघडतं.

(स्वयंपाकघराचं दार मात्र कोणी लपवत नाही. ते पाडून टाकतात, ओपन किचन म्हणून.)

पावसाळ्यात बाथरूमच्या ओलीने प्लाय फुगतो आणि दार अडून बसतं. मग सुतार येतो, कड रंधून देतो आणि मधोमध एक ठसठशीत पितळी मूठ ठोकून जातो. दुसऱ्या दिवशी तिच्यावर पंचा वाळत असतो.