वाघ वर्ज्य

आमच्या तालुक्यात समुद्र पाहिलेली शाळकरी पोरं शोधायला गेलात तर दमाल. पण समुद्रावर दहापैकी आठ गुण मिळवलेली घरोघरी सापडतील. मीही त्यातलीच. 'समुद्रकिनाऱ्यावरील एक संध्याकाळ' हा निबंध मी आठवीत असा रंगवला होता की वाचणाऱ्याच्या चपलेत वाळू जावी. माडांच्या झावळ्या सळसळल्या, शंखशिंपले सापडले, दूर एक गलबत दिसलं, आणि शेवटच्या परिच्छेदात लाल गोळा पाण्यात बुडाला. नारळ मला आजवर भेटला तो थेट पूजेच्या कलशावर बसलेला. तो झाडाला लागतो, यावर मी गाइडाच्या भरवशावर विश्वास ठेवला.

हे आठवायचं कारण, अकरावीच्या सरांनी विषय दिलाय: 'माझ्या निबंधलेखनात झालेली प्रगती'. जुन्या वह्या चाळा, काय बदललं ते लिहा, खाली पालकांची सही आणा. प्रगती झाली आहे असं सर आधीच धरून चाललेत, हा त्यांचा चांगुलपणा.

तर आठवी. आठवीचे मराठीचे सर रत्नागिरीकडचे. नेमणुकीचा कागद आला तेव्हा त्यांच्या घरच्यांनी नकाशात आधी नागपूर शोधलं आणि मग बोट खाली सरकवत नागभीडपर्यंत आले, असं तेच सांगायचे. सरांचे विषय ठरलेले. समुद्रकिनारा झाला की खलाशाचे मनोगत, ते झालं की दीपस्तंभाचे आत्मवृत्त, मग 'मी मासा झालो तर'. एकाच गाइडातून उतरवलेला तोच सूर्यास्त ते वहीमागून वही वाचत आणि मधेच चष्मा काढून पुसत. उतरवलेलं आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण कुणाच्याही वहीत त्यांनी सूर्यावर लाल रेघ मारली नाही. सगळ्यांचा पूर्ण बुडू दिला.

खोडा घातला तो भूगोलाच्या सरांनी. मराठीचा तास रिकामा होता, ते वर्गावर आले आणि वेळ जावा म्हणून माझी वही उघडली. 'नदीचे आत्मवृत्त'. माझी वैनगंगा सह्याद्रीच्या कुशीत जन्मली होती आणि अरबी समुद्राला मिळून धन्य झाली होती. सर इथलेच, ब्रह्मपुरीचे. म्हणाले, "हे कोन्या रस्त्यानं गेली व बाई? सातपुडा चढून?" मग भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून त्यांनी खरी नदी दाखवली: मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात उगम, चपराळ्याजवळ वर्धेशी भेट, तिथून नाव प्राणहिता, सिरोंच्याला गोदावरी, आणि शेवटी बंगालचा उपसागर. पट्टी हातात होतीच, म्हणून त्यांनी आणखी एक मोजमाप केलं. आपल्याला मुंबईपेक्षा विशाखापट्टणमचा समुद्र जवळ पडतो. तो पूर्वेला. तिथे सूर्य पाण्यात बुडत नाही, पाण्यातून निघतो.

अख्ख्या वर्गाची संध्याकाळ एका पट्टीने सकाळ झाली.

मी पेटले आणि नदी नव्याने लिहिली. सिवनीला जन्म घेतला. गोसीखुर्दला आले, तिथे १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली, धरण उभं राहिलं, कालवे अजून चालूच आहेत, असं नदीच्या तोंडून तक्रारीच्या सुरात सांगितलं. सह्याद्रीवालीपेक्षा दोन गुण कमी मिळाले. शेरा: 'माहिती बरोबर, भाषा रुक्ष.' त्या वयात याचा एकच अर्थ निघत होता, आणि मी तो काढला: नदी खोटी असली की भाषा ओली राहते.

'उन्हाळ्याची सुट्टी' या निबंधात तर वेगळंच झालं. मी मामाच्या गावाला गेले होते, हे खरं. मामा कुरखेड्याकडचा. गाइडात मामाच्या गावाला आमराई, विहीर आणि थंडगार वारा असतो; मामाकडे उन्हात पत्रा असा तापतो की दुपारी मांजरसुद्धा खाली चालते. तरी एक खरी गोष्ट घालावी म्हणून मी लिहिलं, 'आम्ही मामा तलावात पोहलो.' कोकणच्या सरांनी ते दुरुस्त करून 'मामांच्या तलावात' केलं आणि समासात लिहिलं, 'मामा सधन दिसतात.' मामाकडे तीन बांध्या आणि एक बैल. दुसरा बैल शेजाऱ्याचा. तलाव माजी मालगुजारी. सरकारी कागदावर लांबलचक नाव नको म्हणून 'मा. मा.' झाला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो तलाव आहेत. इतके मामा कुणालाच परवडणार नाहीत.

त्याच वर्षी सरांनी सांगितलं की विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली, तिचे ८४ अंक निघाले. मला ते आमच्या गाइडाचे पहिले मालक वाटले. शिवाय हेवाही वाटला, कारण सर म्हणाले की त्यांचा एकेक निबंध कित्येक अंक चालायचा. आम्हाला पंधराव्या ओळीला 'शब्दमर्यादा पाळा' असा शेरा.

नववीच्या दिवाळीनंतर माझ्या निबंधात नाटक शिरलं. झाडीपट्टीत राहून ते टाळणं कठीण. भाऊबीज झाली की वडशाच्या नाटककंपन्या गावोगाव निघतात. कुठे मंडईची जत्रा, कुठे बैलांचा शंकरपट, आणि रात्री दहाला पडदा वर गेला की तो खाली यायला कोंबडा आरवावा लागतो. घोंगडीत बसून मी जे ऐकलं ते सगळं वहीत उतरलं. 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त' लिहिलं त्यात पुस्तकाला आंधळी आई होती, दारुडा बाप होता, आणि रद्दीवाला हा त्याचा लहानपणी हरवलेला भाऊ निघाला. 'थांब! त्या पानाला हात लावशील तर याद राख!' असं वाक्य मी पुस्तकाच्या तोंडी घातलं होतं. आजही मला ते वाईट वाटत नाही. निबंध पाच पानी झाला आणि शेवटी पुस्तक कोर्टात निर्दोष सुटलं.

हे वाचून नव्या मॅडम हसल्या. कोकणच्या सरांची बदली झाली होती आणि मॅडम आरमोरीहून आल्या होत्या. त्यांनी वही मिटली, मला परत दिली आणि म्हणाल्या, "आता डोळ्यानं पाह्यलं तेच लिहून आण."

मी मोह लिहिला. एप्रिलमधली पहाट, झाडाखाली आईने आदल्या दिवशी झाडून ठेवलेली जमीन, अंधारातच टपटप पडणारी फुलं, टोपली, आणि मोहाच्या वासाने अस्वल आधी येऊन गेलंय का हे बघायला पुढे पाठवलेला काका. मॅडमनी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि एका निबंधस्पर्धेला धाडून दिला. परीक्षकांचा शेरा आला: 'विषय संस्कारक्षम नाही.' मोह म्हटलं की त्यांना बाटलीच दिसली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आमच्या चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. परीक्षकांच्या मनातून बहुधा उठायची होती. वाळवलेली फुलं आम्ही भाजून खातो, लाडू करतो, व्यापाऱ्याला विकून त्या पैशात वह्या घेतो. म्हणजे समुद्रावरचा निबंधसुद्धा मोहाच्याच पैशातून झाला होता, पण हे परीक्षकांना कोण सांगणार?

मॅडमनी ग्रंथालयातून दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' आणि मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा' काढून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, "हे चितमपल्ली वनखात्यात साहेब होते. आपल्या शेजारच्या नवेगावबांधला, नागझिऱ्याला राहून जंगलच लिहिलं, आणि २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले." मला पुस्तकांपेक्षा आधी हाच युक्तिवाद पटला.

पण वर्गाने यातून भलताच धडा घेतला. खरं लिहिलं की वही मोठ्याने वाचली जाते, हे कळल्याबरोबर दुसऱ्याच आठवड्यात सगळ्यांना वाघ दिसला. 'माझा अविस्मरणीय प्रसंग' — वाघ. 'पावसाळ्यातील एक दिवस' — पावसात वाघ. 'माझे आवडते शिक्षक' या निबंधातसुद्धा सर सायकलवरून येताना वाघ आडवा गेला. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले. नववी 'अ' त्यात धरली नव्हती. मॅडमनी फर्मान काढलं की ताडोब्यात पट्ट्यांवरून वाघ ओळखतात, तेव्हा ज्याने वाघ पाहिला त्याने निबंधाखाली त्याचे पट्टे काढून दाखवावेत. पोरांनी काढले. एका वाघाच्या अंगावर चौकटी होत्या.

मग मॅडमनी फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलं: 'वाघ वर्ज्य.' वर्षभर ते कुणी पुसलं नाही.

वाघ काढल्यावर उरतं काय, हा प्रश्नच होता. आमच्याकडे पाहुणा आला तरी आधी वाघाचंच विचारतो. मी दोन दिवस वही कोरी ठेवली आणि मग धान कापणीच्या दिवसांतली एक संध्याकाळ लिहिली. शेतात बाया एकमेकींना सोडत नाहीत. वाकून कापायचं असतं, आणि वाकलेलं माणूस लांबून माणूस दिसत नाही. वनखात्याची गाडी भोंग्यावर सांगत फिरते, एकटे जाऊ नका. गुरं चारलाच घरी. मुलींसाठीची मानव विकासची निळी बस फाट्यावर थांबते तेव्हा तिथे कुणा ना कुणाचे बाप काठी आणि बॅटरी घेऊन उभे असतात. फाटा ते गाव या रस्त्यात सगळे गरजेपेक्षा मोठ्याने बोलतात. धानाचा भाव, कुणाच्या लग्नातलं जेवण, काहीही. एवढ्यात वानर खाकरतं. सगळे एकदम गप्प. कुणी तो शब्द उच्चारत नाही. थोड्या वेळाने एक काकू विचारतात, "मंग? भाजीत मीठ कमी होतं म्हनता?" आणि पुन्हा बोलणं सुरू.

निबंध तिथेच संपवला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मंग वाघ कुठं हाये?" मॅडमनी आठपैकी सात दिले आणि वही तीनदा परत केली.

परत करण्याचं कारण म्हणजे त्यात अजूनही 'निसर्गाने जणू' होतं, 'रम्य सायंकाळ' होती, आणि एका ठिकाणी चुकून माडही डुलत होता. लाल रेघा बघून मला रडू आलं. आई तेव्हा तेंदूच्या पानांचे पुडे बांधायचा दोरा सोलत होती. फळीवर, म्हणजे पानं विकायच्या जागी, पुड्यात सत्तर पानं मोजून लागतात आणि फाटकं, किडकं पान तिथला मुनशी काढून फेकतो, तेव्हा आई घरीच निवडते. तिने वही पाहिली आणि विचारलं, "बाईनं किती फेकले?" मी म्हटलं, अर्धे. ती म्हणाली, "मंग बरे फेकले. आमच्या मुनशीचे दिवस जाते अशात."

असा हा सगळा मजकूर सरांसाठी लिहून काढला आणि सहीसाठी बाबांसमोर ठेवला. बाबा वाचतात सावकाश, ओठ हलवत. समुद्राला हसले. मामाच्या तलावाला जास्त हसले, कारण मामा म्हणजे त्यांचा साळा. कापणीच्या संध्याकाळपाशी आल्यावर जुनी वहीही मागवली, ती उघडली आणि त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं की फाट्यावर माझे बाबा बॅटरी घेऊन उभे होते.

"त्या दिवशी मी नोतो," बाबा म्हणाले. "ब्रह्मपुरीले गेलतो. तुझा काका होता."

मला माहीत होतं. पण काका घातला की वाक्य लांबत होतं, आणि खरं सांगायचं तर बाबा तिथे शोभत होते. मी पेन्सिल घेऊन खोडायला वाकले.

"राहू दे," बाबा म्हणाले. त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा ओठ हलवत वाचली, सही केली आणि पेनचं टोपण लावता लावता म्हणाले, "पन बॅटरी तीन सेलची लिव."