भौतिकशास्त्र सोडून सर्व काही

छत्रपती संभाजीनगरात कुणी म्हणालं, ‘मला शाळेत भौतिकशास्त्राचा मास्तर व्हायचंय’, तर त्याला आधी औरंगपुऱ्यात चहा पाजावा आणि मग हळूच सांगावं, बाबा रे, असं पदच नाही. दहावीला विषय ‘विज्ञान व तंत्रज्ञान’. गुरुत्वाकर्षण शिकवणाऱ्या सरांनीच आनुवंशिकताही शिकवायची, आणि गणिताचे सर निवडणुकीच्या कामाला गेले की त्रिकोणमितीही.

तरी हट्ट सुटत नसेल तर बी.एस्सी. करावं, सीईटी द्यावी आणि बी.एड.ला बसावं. 2015पर्यंत बी.एड. एका वर्षात उरकायचं, आता दोन लागतात. वाढलेल्या वर्षात भौतिकशास्त्र शिकवत असतील, हा भाबडेपणा झाला. वाढल्या त्या फायली.

पहिली गाठ सूक्ष्मपाठाशी. सहा मिनिटांचा पाठ, समोर लग्न झालेले, मुलंबाळं असलेले सहाध्यायी आठवीची पोरं होऊन बसलेले.

‘‘मुलांनो, वर फेकलेला चेंडू कुठे जातो?’’

‘‘खाली, सर!’’

‘‘शाब्बास!’’

झालं, प्रबलन कौशल्याचे गुण खिशात. चेंडू खालीच का येतो, हे विचारायला कुणी हात वर करावा तर वेळ संपलेली. भिंगाच्या पाठाला भिंग लागत नाही, भिंगाचा तक्ता लागतो, तोही स्केचपेनने रंगवलेला. पाठ टाचणात मुलांची उत्तरं आपणच आदल्या रात्री लिहायची असल्यामुळे दुसऱ्या दिवशी मुलांची अशी अडचण होत नाही.

मग येते टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. 120 मिनिटांत 200 प्रश्न: 120 अभियोग्यतेचे, 80 बुद्धिमत्तेचे. भौतिकशास्त्राचे? शून्य. ही चाचणी पहिल्यांदा डिसेंबर 2017मध्ये झाली, दुसऱ्यांदा थेट 2023मध्ये. हॅलेचा धूमकेतू बरा, त्याचं साल तरी आधी कळतं. मधल्या काळात उमेदवाराने काय करावं? जडत्वाचा नियम पाळावा. बाह्य बल लागेपर्यंत आहे तिथेच राहावं. बहुतेक जण क्लासमध्ये राहतात.

निवड झालीच तर तीन वर्षं शिक्षणसेवक. माध्यमिकचं मानधन 2023मध्ये आठ हजारांवरून अठरा हजार झालं, म्हणजे सव्वादोनपट. भाडं, पेट्रोल आणि घरच्यांच्या अपेक्षांचा गुणक कुठल्याच शासन निर्णयात नसतो.

तेव्हा मुख्याध्यापकांना एवढीच विनंती: प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली शोधून ठेवा. एखादे सर चुकून भौतिकशास्त्र शिकवायला निघालेच, तर ऐनवेळी कुलूप फोडावं लागू नये.