बागेला ‘कॅरेक्टर’

बंगल्याच्या बागेला ‘कॅरेक्टर’ हवं असेल, तर हल्ली आधी फायबरचा बुद्ध आणतात. त्याला बसवतात अरेका पामखाली. हा पाम मूळचा मादागास्करचा. पण पिंपळ आणायचा कुठून? तो गच्चीच्या भेगेत आपणहून उगवला होता, त्याला परवाच माळ्याकरवी ॲसिड घालून मारलं. मग येतात वारली चितारलेल्या कुंड्या, बैलगाडीचं चाक आणि विहीर नसलेला रहाट. हिरवळ प्लास्टिकची, कारण ती कापावी लागत नाही; एप्रिलच्या दुपारी तिच्यावर अनवाणी उभं राहून दाखवावं, एवढंच.

मागच्या बाजूला मोरीच्या सांडपाण्यावर कर्दळ आणि अळू माजलेलं असतं. शेजारी गवती चहा, अडुळसा, कुंपणाला रेललेली जास्वंद. कुणी लावलं, कुणालाच आठवत नाही. तिथे फुलपाखरं येतात, एखादं मुंगूसही डोकावतं. पाहुण्यांना मात्र तिकडे नेत नाहीत. लँडस्केपवाल्याने आराखड्यात त्या जागेवर ‘झेन कॉर्नर’ लिहून ठेवलंय. पांढरे गोटे टेम्पोतून निघालेही आहेत.