एकदाच वापरलेलं मशीन

पुण्याच्या जुन्या बाजारात लाकडात नक्षी कापायचा स्क्रोल सॉ क्वचितच दिसतो, पण दिसला की निवृत्त माणसाच्या नजरेतून सुटत नाही. विक्रेता शपथेवर सांगतो, ‘काका, एकदाच वापरलंय.’ एका वापरात दोन्ही दांड्यांचे बुश एवढे कसे झिजले, हे विचारायचं नसतं.

घरी आल्यावर गंजाला रॉकेल नि पॉलिश पेपर, टेबलाला मेण. गॅलरीतली धुणी आत, मशीन गॅलरीत. मग पात्याचा शोध. 5 इंची खरं, पण पिनवालं की बिनपिनचं? पिनवालं बारीक नक्षीच्या भोकातून जात नाही, आणि बिनपिनचं धरणारा चिमटा मशीनबरोबर आलेला नसतो. तो वेगळा मागवावा लागतो; किंमत काकूंना कळवली जात नाही. पात्याचे दात खाली करायचे, ताण द्यायचा, बोटानं छेडायचं, खणखणीत स्वर आला की बरोबर. काका तंबोरा जुळवावा तसे तासभर छेडत बसतात. कापणं राहतं. सोसायटीची आवाजाबद्दलची तक्रार तेवढी वेळेवर येते.

एवढ्या खटाटोपातून परवा प्लायवूडची की-चेन निघाली, ‘श्री’ लिहिलेली. वेलांटी तुटली. फेव्हिकॉल लावलाय. दिवाळीला भेट काय येणार, हे नातेवाइकांनी ओळखलंच असेल.