69 जीबीची तूट

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. भाजीवाला अजूनही त्यांना लांबून पाहिलं की पारडं पुसून घेतो. अशा माणसाने एक टीबीची हार्ड डिस्क आणावी आणि विंडोजने तिच्यात 931 जीबीच दाखवावेत, याला योग म्हणतात.

"69 जीबी मारले!" काका दारातूनच गरजले. मी कॉम्प्युटरवाला, म्हणजे आरोपीच्याच गोटातला.

"काका, माल पुरा आहे. खोक्यावरचा टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट, आणि तेवढे भरतात. कंपनी हजाराच्या पटीत मोजते. विंडोज दर पायरीला 1024 ने भागतं, कारण कॉम्प्युटरचा हिशेब दोनाच्या पटीत. बाइटपासून जीबीपर्यंत तीनदा भागलं की 931 उरतात."

"आणि रॅमचा जीबी?"

"तो 1024 चा."

"एकाच डब्यात दोन मापं?" काकांच्या डोळ्यांत नोकरीतली चमक परत आली. "डाळीचा किलो वेगळा नि साखरेचा वेगळा असं करणाऱ्या वाण्यावर मी त्याच दिवशी खटला भरला असता!"

1998 साली आंतरराष्ट्रीय मानकवाल्यांनी 1024 च्या मापाला किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी निराळी नावं दिली, पण ती कुणाच्या तोंडी बसली नाहीत. विंडोज आजही गिबीबाइट मोजतं आणि जीबी लिहितं. अ‍ॅपलने 2009 मध्ये मॅकचा हिशेब हजारावर आणला. त्यामुळे भाच्याच्या मॅकला जोडताच डिस्क पुन्हा एक टीबीची झाली आणि काकांचा संशय दुप्पट.

तेवढ्यात काकू आल्या. "माझ्या फोनची मेमरी भरलीय. रॅम वाढवून मिळेल का रे?"

भरलं होतं स्टोरेज. सुप्रभातचे गुलाब आणि नातवाच्या बारशाचे व्हिडिओ तिथे राहतात, आणि फोन बंद केला तरी (दुर्दैवाने) जात नाहीत. रॅममध्ये फक्त चालू कामाचा पसारा. वीज गेली की साफ. तिच्यातल्या सूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार सतत गळत असतो, म्हणून वीज असतानाही साधारण दर 64 मिलिसेकंदांत सगळं पुन्हा भरून घ्यावं लागतं. इतका विसराळूपणा ऐकून काकूंना नवल वाटलं नाही. त्यांनी फक्त काकांकडे पाहिलं.

काकांचं लक्ष मात्र पेपरातल्या जाहिरातीत: '8+8 जीबी रॅम'. यातले दुसरे आठ स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात, आणि स्टोरेज रॅमच्या मानाने फारच संथ. तेव्हा फोन घेताना अधिक चिन्हाच्या अलीकडचा आकडा तेवढा धरा. पलीकडच्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका.