दुसरे गाईड

पुण्यात हेरिटेज वॉकला एकच गाईड असतो, असं समजणारा माणूस नक्की पुण्याबाहेरचा. पैसे घेऊन माहिती सांगणारा एक असतो आणि पैसे भरून माहिती सांगणारा दुसरा. पहिल्याच्या गळ्यात माईक असतो. दुसऱ्याला तो लागत नाही.

रविवारी सकाळी सात वाजता शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर जमलेल्या घोळक्यात हे दुसरे गाईड चटकन ओळखू येतात. बाकीचे लोक टोप्या, कॅमेरे आणि झोपेतून ओढून आणलेली मुलं घेऊन आलेले असतात. यांच्या खांद्याला कापडी पिशवी असते. पिशवीत पाठकोरे कागद, पेन आणि एक जीर्ण पुस्तक, त्याच्या पानोपानी पीएमटीच्या जुन्या तिकिटांच्या खुणा. वय सत्तरीच्या आसपास, निवृत्ती बँकेतून नाहीतर सरकारी खात्यातून. ते वेळेआधी पोचलेले असतात आणि तेवढ्यात त्यांनी गाईड मुलीची तोंडी परीक्षा उरकून घेतलेली असते. शिक्षण काय, कुठे झालं, मूळ गाव कोणतं. पुरातत्त्वात एम.ए. केलंय हे ठीक, पण राहते पिंपळे सौदागरला, हे कळल्यावर त्यांचा चेहरा निकाल राखून ठेवल्यासारखा होतो.

मुलगी सुरुवात करते. "पहिल्या बाजीरावांनी जानेवारी 1730 मध्ये या वाड्याचा पाया घातला."

"दहा," घोळक्यातून आवाज येतो.

"हो, 10 जानेवारीला..."

"शनिवार होता. वास्तुशांत 22 जानेवारी 1732. तोही शनिवारच. आणि बाळ, हे जुन्या इंग्रजी गणनेप्रमाणे हं. आजच्या कॅलेंडरला अकरा दिवस मिळवायचे. म्हणजे पाया 21 जानेवारीला. पण ते राहू दे, तू बोल."

मुलगी बोलू लागते. दोन वाक्यं होतात. "खर्च सांगितला नाहीस. 16,110 रुपये."

एव्हाना ते सगळ्यांचेच काका झालेले असतात. 1773 साली याच वाड्यात नारायणराव पेशवे 'काका, मला वाचवा' म्हणत धावले, अशी कथा आहे. आज त्या मुलीला वाचवायला कोणी नाही, कारण इथे मागे लागलेत ते काकाच.

त्यांची माहिती चुकीची असती तर प्रश्न सोपा होता. पण ती बहुतेक वेळा बरोबर असते, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. या माणसाने आयुष्यभर वाचलंय. ग्रंथालयाची वर्गणी कधी थकवलेली नाही, व्याख्यानमाला चुकवलेली नाही, वर्तमानपत्राला पाठवलेली दुरुस्तीची पत्रं, काही छापून आलेली आणि बरीचशी न आलेली, फाइलला लावून ठेवलीत. ऐकणारं मात्र कोणी उरलं नाही. मुलगा सिएटलला, तिथे इकडची सकाळ म्हणजे त्याची रात्र. काकूंनी पेशवाई चाळीस वर्षं ऐकली आणि आता त्या भजनी मंडळाला जातात. राहता राहिला हा वॉक. वीस माणसं, दोन तास, आणि मध्येच उठून कोणी स्वयंपाकघरात जात नाही. एवढ्या श्रोत्यांसाठी माणशी शुल्क काही फार नाही.

लाल महालात नागपूरचे एक गृहस्थ भिंतीला हात लावून डोळे मिटून उभे असतात. इथेच शिवाजी महाराज वाढले, इथेच 1663 च्या एप्रिलमध्ये शायिस्तेखानाची बोटं तुटली. गृहस्थांना गहिवरून आलेलं असतं. काका हळूच त्यांच्या कानाशी जातात. "ही भिंत महापालिकेची आहे. 1988 ला पूर्ण झाली. मूळ महाल केव्हाच गेला." गृहस्थ हात काढून घेतात. भक्तिभावात असलेल्या माणसाला सन सांगू नये, एवढं तारतम्य काकांकडे नाही, आणि खरं सांगायचं तर पुण्यात ते फारसं कोणाकडे नसतं.

मात्र ही सगळी काटेकोर शिस्त काकांच्या घराण्यापर्यंत पोचली की सैल पडते. पेशव्यांच्या बाबतीत त्यांना अस्सल कागद लागतो. शनिवारवाड्यातून थेट पर्वतीपर्यंत भुयार होतं, याला मात्र "आमच्या आजोबांनी आतून मशाल घेऊन जाणारा माणूस पाहिला होता" एवढा पुरावा पुरतो. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं, हे ते शनिवार पेठेतल्या एका भिंतीवर हात उंचावून दाखवतात. काका तेव्हा वडिलांच्या कडेवर होते. नेहमी येणारे सांगतात की पूर ओसरला असला तरी काकांची रेघ अजून चढतेच आहे. मागच्या पावसाळ्यात ती खिडकीच्या खाली होती, आता छज्जाला लागलीय.

आणि मग येतो त्यांचा स्वतःचा वाडा. वॉकच्या मार्गात तो नसतो. तरी वीस माणसं एका गल्लीत वळवली जातात आणि एका पाचमजली इमारतीसमोर उभी राहतात. खाली मोबाइलचं दुकान आणि डेंटिस्ट.

"इथे दिंडी दरवाजा," काका हवेत बोट फिरवतात. "इथून आत देवडी. मग पहिला चौक. कात्रजचं पाणी खेळवलेला हौद, उन्हाळ्यातसुद्धा गार. वर माडी, सागवानी खांब, कडीपाटाचं छत. सोळा बिऱ्हाडं होती." त्यांचा आवाज इथे पहिल्यांदाच खाली येतो, आणि कोणीही मध्ये बोलत नाही. त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये खरोखर देवडी दिसायला लागते, एवढं मी कबूल करीन. बोलण्याच्या ओघात गाडी आजच्या पिढीवर येते. लोकांना वारशाची चाड नाही, उठसूट वाडे पाडतात, पेठा भकास केल्या.

सहावीतला एक मुलगा विचारतो, "तुमचा वाडा कोणी पाडला?"

"बिल्डरने."

"त्याला दिला कोणी?"

काका पिशवीतली बाटली काढून पाणी पितात. झाकण नीट लावतात. "प्रश्न शेवटी घ्यायचे असतात," ते म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांचं भाडं दर महिन्याला त्यांच्या खात्यात जमा होतं, हे सांगायला आता गाईडला सवड मिळत नाही. इमारतीचं नाव बिल्डरने 'हेरिटेज' ठेवलंय.

आतापर्यंत मला त्या मुलीची दया येत होती. विश्रामबागवाड्यापाशी ती संपली. सुरूच्या नक्षीदार खांबांखाली उभी राहून ती अगदी सहज म्हणाली, "हा वाडा सवाई माधवरावांनी बांधला."

काकांचा श्वासच अडकला. "दुसरे बाजीराव! सवाई माधवराव 1795 ला गेले, हा वाडा नंतरचा!" मग 1821 मध्ये इंग्रजांनी इथे काढलेली संस्कृत पाठशाळा आली, दक्षिणा आली, 1879 ची आग आली. वीस माणसं काकांभोवती गोळा झाली. आणि ही मुलगी? ती पायरीवर बसली, बुटाची नाडी बांधली, पाणी प्यायली, मिसळीच्या हॉटेलला फोन करून वीस प्लेटा सांगितल्या, त्यातल्या पाच कमी तिखट. फोन ठेवून घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "अय्या, हो का काका? मग मंडईत जाऊ या?" पुरातत्त्वाची एम.ए. बाई सवाई माधवराव चुकून म्हणेल का! कसब्याच्या गणपतीपाशी अशीच एक चूक झाली होती आणि तिथे तिचा चहा झाला होता.

मंडईपाशी काका पूर्ण फॉर्मात असतात. अष्टकोनी मनोरा, 1886 सालची इमारत, नाव आधी गव्हर्नर लॉर्ड रे यांचं. नगरपालिकेचे सभासद असताना ज्योतिरावांनी मंडईवर एवढा पैसा उधळायला विरोध केला होता, आणि आज तीच इमारत महात्मा फुले मंडई. हे सांगताना त्यांना जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो. लोक टाळ्या वाजवतात. मुलगीही वाजवते, अगदी मनापासून.

मिसळ येते. काका आपली कमी तिखटाची प्लेट ओढून घेतात.

"काका, पुढच्या रविवारी सोमवार पेठ आहे. त्रिशुंड गणपती."

"दर्शनी भिंतीवरचा गेंडा दाखवतेस ना?"

"गेंडा?" मुलगी डोळे मोठे करते. "तिथे कुठला गेंडा, काका?"

काका चमचा खाली ठेवतात आणि पिशवीत हात घालतात.

"ज्येष्ठ नागरिकांना सवलत आहे का?"